फिरती सीट

दुकानदारानं भोंपू दाबला आणि दुकानातली सगळी पोरं वळली. हलत्या घोड्यावरची दोन वेण्यांची मुलगी वळली, बापाच्या खांद्यावर पेंगणारं तान्हं दचकून वळलं, इतकंच काय, पायरीशी पसरलेल्या कुत्र्यानंही एक कान टवकारला. चैतू तेवढा वळला नाही. लाल तीनचाकीवर बसून तो हँडलच्या चमकत्या झिरमिळ्या बोटांत गुंडाळत होता आणि भोंपू त्याच्या डोक्यामागे हातभर अंतरावर वाजला होता. "ये भोंपू फ्री में लगा दूँगा जी," असं म्हणून दुकानदारानं रबरी फुगा आणखी एकदा पिळला. चैतूनं झिरमिळी तोंडात घातली. "साहेब बिझी आहेत," त्याचा बाप, सुधन्वा, हसून म्हणाला. "अपनी धुन में है बच्चा," दुकानदारानं दुजोरा दिला. झालं, मिनिटभरात दोन कारणं तयार. उल्का हातातली पाण्याची बाटली घट्ट धरून उभी राहिली. आता कुणीतरी म्हणणार, अहो, तुमच्या मुलाला... पण कुणी काही म्हटलं नाही. दुसऱ्याच्या पोराबद्दल माणसं फार गोड बोलतात. शेजारच्या दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं, बाहेर दिल्लीतल्या झंडेवालानच्या त्या अख्ख्या सायकल बाजारात हॉर्न, घंट्या, हमालांच्या आरोळ्या चालल्या होत्या, आणि या सगळ्या गदारोळात आपलं पोर किती शांत बसलंय, हे तिला पहिल्यांदा भर दुपारी, चारचौघांत दिसलं.

पहिल्यांदा? छे. खरं बोलायचं तर पहिल्यांदा वगैरे काही नव्हतं. सायकल घ्यायची ठरली तीच मुळी गेल्या रविवारच्या त्या थपडेमुळे. सरोजिनी नगरच्या त्यांच्या क्वार्टरखालून बाजारात जायचा रस्ता आहे. भाजी घेऊन तिघं परतत होती. चैतूनं उल्काचा हात सोडला आणि सुसाट सुटला. समोरून ई-रिक्षा येत होती. सुधन्वा ओरडला, "चैतू, रुक! रुक जा!" हिंदीत ओरडला, कारण चैतूशी हिंदीतच बोलायचं असा घरात नियम होता. चैतू थांबला नाही. सुधन्वा धावला, रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला, आणि सुधन्वानं पोराला बखोटीला धरून मागे ओढलं ते ओढलंच, वर पाठीत सणसणीत थप्पड दिली. "सुनता नहीं है? कितनी बार बोला?" चैतू लगेच रडला नाही. त्यानं मान वर करून बापाचं तोंड बघितलं. हलणारे ओठ, ताणलेल्या भुवया, सगळं नीट बघितलं, आणि मग रडला. उल्का मेथीची जुडी छातीशी धरून उभी होती. "मारू नको रे, लहान आहे," एवढंच ती म्हणाली. घशापर्यंत आलेलं दुसरं वाक्य तिनं गिळलं. रात्री सुधन्वा जेवला नाही. सबंध आठवडा फोनवर व्हिडिओ बघून त्यानं शोध लावला की मुलाबरोबर वाढणारी एक तीनचाकी मिळते. आधी पट्टा, छत्री, पाय ठेवायला फळी आणि मागून आईबापांनी ढकलायला दांडा. मूल मोठं झालं की एकेक भाग काढत जायचा, शेवटी नुसती सायकल उरते. "पट्टा लावला की पळायचा प्रश्नच मिटला," तो म्हणाला, "आणि पाच वर्षांचा होईपर्यंत बघायला नको." त्याला थपडेचं प्रायश्चित्त घ्यायचं होतं. बिचाऱ्याला वाटत होतं, चूक एकट्याची आहे.

आता आईला ठाऊक असतं आणि तरी ठाऊक नसतं, असं होतं का? होतं बाई. अगदी सहज होतं. चैतूच्या पहिल्या दिवाळीत त्यांच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी हजाराची माळ लावली होती. बंदी असते म्हणतात, पण दिल्लीत बंदी कागदावर आणि धूर घरात. सगळ्या मजल्यांवरची तान्ही पोरं किंचाळून उठली. चैतू पाळण्यात मूठ वळून गाढ झोपलेला. खालच्या मजल्यावरची स्वरूपा आपल्या मुलीला थोपटत म्हणाली, "तुझा बरा झोपलाय गं!" आणि उल्का कौतुकानं म्हणाली, "आमचा वाघ आहे. फटाक्यांना घाबरत नाही." हे वाक्य पुढे तिनं माहेरी आईला फोनवर सांगितलं, ऑफिसात सांगितलं, जेवणाच्या डब्याबरोबर वाटलं म्हणा ना. सांगताना दर वेळी मनात एक बारीकसा खडा टोचायचा, आणि खडा टोचला की ती जरा जास्तच मोठ्यानं हसायची. पुढच्या दिवाळीपर्यंत चैतू पळायला लागला होता, पण तोंडातून फक्त 'आऽ' आणि 'ब्ब' निघायचं. त्या दिवाळीत ती स्वतः माळेची वाट बघत गॅलरीत उभी राहिली, चैतूकडे टक लावून. माळ लागली. चैतूला वाऱ्यानं हलणाऱ्या आकाशकंदिलाच्या शेपट्या दिसत होत्या. तो त्यांच्याकडे बघून खिदळत होता.

मग सुरू झाल्या तिच्या परीक्षा. घरात कुणी नसलं की ती चैतूच्या मागे जाऊन वाटी पाडायची. एकदा परात पाडली. परातीला चैतू वळला, आणि उल्काला इतका आनंद झाला की तिनं त्याच दुपारी शिरा केला. फरशी हादरली म्हणून तो वळला, हे तिला शिरा ढवळतानाच कळलं होतं. तरी तिनं तो साजूक तुपात केला आणि सगळ्यांना वाढला. यात तिच्या नोकरीचाही हात होता म्हटलं तर चालेल. मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर अडचणीची फाइल कशी परतवायची, हे तिच्या हाडीमासी मुरलं होतं. नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही, समासात लिहायचं, 'चर्चा करावी'. फाइल महिनाभर फिरून येते, तोवर साहेब बदललेले असतात. चैतूच्या बाबतीत तिनं हेच केलं. मुलगे उशिरा बोलतात, सुधन्वाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता म्हणे, हिवाळ्यात सर्दीनं कान बंद होतात. डॉक्टरकडे न्यायचं तेवढं ती टाळत राहिली. जोवर नेलं नाही तोवर पोर धडधाकट होतं. डॉक्टरनं एकदा तोंड उघडलं की ते तसं राहणार नव्हतं. इतका साधा हिशेब. आणि दिवस चालले होते, ते तिला कळत होतं. लहानपणीच उपाय केला तर मुलं बोलायला शिकतात, हे तिनं कुठेतरी वाचून लगेच फोन उलटा ठेवला होता.

पण या सगळ्यापेक्षा वाईट गोष्ट तिनं केली ती आईंच्या बाबतीत. आई म्हणजे तिच्या सासूबाई, सुनीतीबाई. चैतूला प्ले स्कूलमध्ये घातलं तेव्हा तिथल्या मॅडमनी डोकं हलवून सांगितलं, "दादी मराठी बोलती हैं, मेड हिंदी, आप लोग इंग्लिश. बच्चा कन्फ्यूज़ है. घर में एक भाषा रखिए, देखिए कैसे फटाफट बोलता है." उल्कानं ते वाक्य बुडत्यानं काडी धरावी तसं धरलं. घरी येऊन तिनं जाहीर केलं, आजपासून चैतूशी फक्त हिंदी. सुधन्वा म्हणाला, चलो, ठीक आहे. आईंचा मात्र चेहरा पडला. त्यांची सगळी हयात दिल्लीत गेली होती. भाजीवाल्याशी अशी हिंदी झाडायच्या की तो भाव पाडून वर कोथिंबीर द्यायचा. पण नातवाला मांडीवर घेऊन त्या दिवसभर ज्या काय गुजगोष्टी करायच्या, माझं सोनुलं ते, माझं ठकुलं ते, कुणी रागावलं माझ्या बाळाला, त्या सगळ्या मराठीत. "मला हिंदीत लाड करता येत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "शिकाल हो आई," उल्का म्हणाली. त्यांनी प्रयत्न केला. "राजा बेटा, दूध पी लो," असं त्या शाळेत धडा वाचल्यासारखं म्हणायच्या आणि मग त्यांना पुढे काही सुचायचं नाही. चुकून मराठी निघालं की जीभ चावायच्या, उल्काकडे बघायच्या. ते बघणं! एकदा स्वयंपाकघरात त्या तिला हळूच म्हणाल्या, "उल्का, माझ्यामुळेच अडलं असेल का गं त्याचं बोलणं? मी सारखी बडबडत असायचे." तेव्हा परात पाडून झाली होती. तेव्हा दुसरी दिवाळी होऊन गेली होती. उल्का कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही आणि म्हणाली, "आता काय बोलून उपयोग, आई. पुढचं सांभाळू." महिन्याभरात आई तेजश्रीकडे, म्हणजे लेकीकडे, मानेसरला गेल्या. "जरा जाऊन येते" म्हणून गेल्या ते अजून आल्या नव्हत्या. रविवारी व्हिडिओ कॉलवर येतात. "चैतू बेटा, खाना खाया?" एवढं म्हणून फोन जावयाच्या हातात देतात.

"उल्का, अगं बघ तरी," सुधन्वा हाक मारत होता. दुकानदारानं दोन सायकली मधोमध आणून ठेवल्या होत्या. लाल सायकल दणकट, जाड टायर, लोखंडी सांगाडा, पेडल मोठं. निळी जरा हलकी, पण तिची सीट उचलून उलटी बसवता येत होती. मूल पुढे तोंड करूनही बसेल आणि ढकलणाऱ्याकडे तोंड करूनही. सुधन्वाचं मन लालवर होतं. त्यानं चैतूला पट्टा लावला, मागचा दांडा धरला आणि दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेतून फेरी मारली. अर्ध्या फेरीतच चैतू पट्ट्यात वळवळायला लागला. मान मागे टाकून, कंबर वाकवून तो कुणालातरी शोधत होता. उल्का सुधन्वाच्या बाजूनंच चालत होती. "मैं यहीं हूँ, बेटा, यहीं हूँ," म्हणत होती. चैतूनं भोकाड पसरलं. "नखरे," सुधन्वा म्हणाला. दुकानदारानं अनुभवी हातानं त्याला उचलून निळीवर बसवलं, सीट मागे वळवलेली होती. उल्कानं दांडा धरला. चैतूसमोर आता तिचा चेहरा होता. त्याचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. ती काय म्हणतेय ते त्याला गोळा करायचं होतं. ती काहीच म्हणत नव्हती. तिचे ओठ नुसतेच थरथरत होते, आणि त्यानं तेही बघून आपले ओठ तसेच हलवले. दोन वर्षं हे पोर एकटं कामाला लागलंय, उल्काला वाटलं, आणि मी त्याची आई, मी वाट्या पाडत बसले.

"लालच घेऊ," सुधन्वा म्हणाला. "ही कचकड्याची आहे, सहा महिन्यांत मोडेल."

"निळी घेऊ. फिरत्या सीटची."

"अगं, उलटं बसायचं वय गेलं त्याचं. मोठा होतोय. पुढे बघू दे की त्याला. आपण आहोतच मागे."

"मागे असलो की आपण नसतोच, त्याच्यासाठी."

"म्हणजे?"

"त्याला ऐकू येत नाही, सुधन्वा."

सुधन्वा हसला. म्हणजे हसण्यासाठी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. "काहीतरीच काय, यार. परवा कुकरची शिट्टी झाली तेव्हा वळला की."

"मी वळले म्हणून वळला. माझ्याकडे बघून."

सुधन्वा सायकलच्या मागे, चैतूच्या पाठीशी गेला आणि खाली वाकला. "चैतू," तो हळू म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "चैतू." मग मराठीतच, सगळे नियम विसरून, "चैतन्या! ए बाळा!" घोड्यावरची मुलगी वळली. तिची आई वळली. दुकानदारानं बिल करता करता मान वर केली. चैतू उल्काच्या तोंडाकडे बघत होता. ती रडते आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि त्यानं कपाळाला आठी घातली होती. सुधन्वा उभा राहिला. त्यानं स्वतःचा उजवा तळहात बघितला, पुसल्यासारखा पँटला घासला.

"मी त्याला मारलं," तो म्हणाला. "रविवारी."

"हो."

"तेव्हा... तेव्हा तुला माहीत होतं?"

उत्तर तयार होतं. आत्ताच लक्षात आलं रे, भोंपू वाजला तेव्हा. अगदी जिभेच्या टोकावर होतं, आणि कुणालाही खरं वाटलं असतं. इतके दिवस ती अशीच उत्तरं पुरवत आली होती.

"होतं," ती म्हणाली. "दिवाळीपासून होतं."

सुधन्वानं तिच्याकडे बघितलं. तसं त्यानं लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. त्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो वाकला, चैतूच्या समोर गुडघ्यावर बसला, त्याला आपला चेहरा नीट दिसेल असा बसला, आणि मगच त्यानं पट्टा सोडला. पोराला उचललं, पाठीवर जिथे थप्पड बसली होती तिथे हात ठेवला आणि दुकानाबाहेर गेला. उल्काला ये म्हणाला नाही. काचेपलीकडे फुटपाथवर तो उभा राहिलेला दिसत होता. चैतू त्याच्या खांद्यावरून बाजार बघत होता.

"मॅडम, कौन सी पैक करूँ?" दुकानदारानं विचारलं. त्याला मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी मोडलंय एवढं कळलं होतं. त्यानं भोंपू फळीमागे सारला.

"ब्लू वाली," उल्का म्हणाली. "घूमने वाली सीट."

तो खोकं आणायला आत गेला. उल्का छत्र्या आणि पट्टे लटकत होते त्या कोपऱ्यात भिंतीशी टेकली. आता सुधन्वा आईंना फोन करणार. आज ना उद्या करणारच. त्याच्या तोंडून कळायच्या आधी आपण सांगायला हवं, आणि सगळं सांगायला हवं, नाहीतर पुन्हा समासातच लिहीत बसू. तिनं मानेसरचा नंबर लावला. पलीकडे मिक्सर चालला होता.

"हाँ बेटा, बोलो," आई म्हणाल्या. "चैतू ठीक है ना?"

"आई, मराठीत बोला."

"वो पास में होगा ना? फिर उसकी आदत..."

"आई, बोला हो मराठीत. त्याला ऐकू येत नाही. हिंदी नाही, मराठी नाही. काहीच ऐकू येत नाही."

मिक्सर बंद झाला. कुणीतरी, बहुधा तेजश्रीनं, काय झालं म्हणून विचारलं. आईंनी तिला गप्प केलं असावं.

"काय म्हणालीस?" त्या म्हणाल्या.

उल्कानं पुन्हा सांगितलं. आणि त्याच श्वासात म्हणाली, "मला माहीत होतं, आई. तुम्ही इथे होतात तेव्हाही माहीत होतं. तुम्ही मला विचारलंत ना स्वयंपाकघरात, तेव्हाही. मी बोलले नाही. तुम्हाला तसंच जाऊ दिलं." आणि ती थांबली. आता येऊ दे काय यायचं ते, असं म्हणून तिनं डोळे मिटले. शिव्या आल्या असत्या तर तिनं ओंजळीत घेतल्या असत्या. त्या येत नव्हत्या. पलीकडे श्वास तेवढा चालला होता, म्हाताऱ्या माणसाचा, जिना चढून आल्यासारखा.

"म्हणजे," आई अखेरीस म्हणाल्या, "माझ्या बोलण्यानं नव्हे? मी मराठी बोलत होते त्यानं त्याचं काही बिघडलं नाही?"

"नाही आई. तुमचा काहीसुद्धा संबंध नाही."

"नक्की ना गं? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

"नाही हो, आई."

मग त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, लहान मुलासारख्या, तेजश्री फोन मागत होती तरी सोडेनात. रडता रडताच मध्येच थबकल्या आणि घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "बाई गं, कसली मी. पोराला ऐकू येत नाही म्हणतेस, आणि मला मेलीला हायसं वाटतंय."